ग्नूप्लॉट: आलेख छापायला चोख, फाइल बंद करायला विसरू नका
सांगलीत आयर्विन पुलापाशी मोजलेली कृष्णेची पातळी, ४५ फुटांच्या धोका रेषेसकट छापायची तर ग्नूप्लॉट हा आज्ञा देऊन आलेख काढायचा प्रोग्रॅम उत्तम, आणि फुकट. पण त्याच्या पीएनजीकैरोचं (आलेख पीएनजी चित्र म्हणून काढणाऱ्या पर्यायाचं) मूळ माप ६४० बाय ४८० पिक्सेल; ८ इंच रुंद छापलं की इंचाला जेमतेम ८० ठिपके, अक्षरं फाटतात. रुंदी २४०० केली तर फॉन्टही वाढवा, नाहीतर आकडे मुंगीएवढे. त्यापेक्षा पीडीएफ काढणारा पीडीएफकैरो घ्या, साइज २९.७ बाय २१ सेंमी: आडवा ए-४ भरतो, ‘कृष्णा’तलं ‘ष्ण’ही नीट जुळतं. प्लॉटनंतर ‘अनसेट आउटपुट’ ही फाइल बंद करणारी आज्ञा द्याच. ग्नूप्लॉट चालू असताना ते राहिलं तर फाइल अर्धवट राहते, उघडत नाही. स्क्रिप्टने (आज्ञांच्या फाइलने) उघडलेली आलेखाची खिडकी लगेच मिटते? ‘पर्सिस्ट’ हा पर्याय लावा.