टिक्का टी३एक्स लाइट रायफल, ६.५ क्रीडमूर काडतूस, साडेबावीस इंची नळी : तीन सीझन वापरल्यावर

आधीच सांगतो, मी डेन्व्हरजवळ राहतो आणि या हलक्या शिकारी रायफलीबद्दल हे सगळं कोलोरॅडोच्या हिशेबाने लिहितोय. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौशी शिकार संपली, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी गंमत म्हणून वाचा. इकडे एच-१बीवर असाल तर बंदुकीला हात लावायच्या आधी कायदा नीट वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगणं फेडरल गुन्हा आहे, वैध शिकार परवाना असेल तर सूट मिळते पण ते कागद चोख असायला हवेत. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो, उगाच कशाला ताप.

आमच्या आजोबांकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. ती घेऊन चालायचं म्हणजे खांद्यावर वासा घेतल्यासारखं, पण ते जायचे घरापासून काजूच्या बागेपर्यंत आणि परत. इकडे एल्कच्या (आपल्या सांबरासारखं पण मोठं हरीण) मागे दहा हजार फुटांवर दिवसाला सात-आठ मैल चालणं होतं, आणि दुपारनंतर खांद्यावरचा एकेक पौंड शिव्या द्यायला लागतो. म्हणून हलकी रायफल. इथपर्यंत सगळ्यांचं डोकं बरोबर चालतं, चूक होते ती पुढे, काडतूस निवडताना.

माझीही झाली. पहिली रायफल घेताना दुकानातल्या माणसाने (दुकानाचं नाव नको) एल्क म्हटल्याबरोबर .३०० विन्चेस्टर मॅग्नमची (मॅग्नम म्हणजे जास्त दारू भरलेलं काडतूस) रायफल हातात दिली, सहा पौंडांच्याही आतली, कार्बनचा दस्ता, दिसायला एकदम नवरी. मला कळत काहीच नव्हतं आणि तो इतक्या खात्रीने बोलत होता की मी कार्ड काढून दिलं. रेंजवर पहिली गोळी झाडली तेव्हा वाटलं कोणीतरी खांद्यावर उखळातलं मुसळ मारलं. वीस काडतुसांचा बॉक्स होता, मी अकरा उडवली आणि उरलेली घरी आणली, वर बायकोला सांगितलं की रेंज लवकर बंद झाली.

दोन-तीन वेळा गेल्यावर नेम सुधारायच्या ऐवजी बिघडत चालला. सोबतच्या मित्राला शंका आली, त्याने मला न सांगता मॅगझिनमध्ये मधेच एक डमी काडतूस सरकवलं. मी श्वास सोडला, चाप दाबला, नुसतं टिक, आणि बार न होताच नळी चांगली दोन बोटं खाली गेली. डोळेही मिटले होते म्हणे. दणका यायच्या आधीच माझं अंग घाबरून रायफल ढकलत होतं. त्या दिवशी हसलो पण घरी येताना गाडीत गप्प होतो, कारण असाच जनावरावर बार टाकला असता तर ते पोटात गोळी घेऊन कुठेतरी झाडीत तडफडत मेलं असतं.

हिशेब साधा आहे. गोळी आणि दारू मिळून जितक्या जोरात पुढे जातात तितक्याच जोरात रायफल मागे येते, आणि रायफल जितकी हलकी तितका तो दणका खांद्याला जास्त. स्कोपसकट (नेम धरायची दुर्बीण) साडेसात पौंडांची रायफल धरा. ६.५ क्रीडमूरचा दणका ढोबळमानाने १३ फूट-पौंड (हे ऊर्जेचं माप), .३०८ काडतुसाचा १६-१७, थर्टी-ऑट-सिक्सचा जड गोळीने २० च्या वर, आणि .३०० मॅग्नमचा ३० च्या आसपास. क्रीडमूरमध्ये दारू ४० ग्रेनच्या (गोळी-दारूच्या वजनाचं बारीक माप) जरा वर असते, .३०० मध्ये ७० च्या घरात. वजन कमी करायला म्हणून हलकी रायफल घ्यायची आणि तिच्यात मॅग्नम भरायचं म्हणजे नॅनोला ट्रकचं इंजिन.

ती मॅग्नम तोट्यात विकली (किती तोटा ते घरी अजून माहीत नाही) आणि टिक्का घेतली. टिक्का म्हणजे फिनलंडमधल्या रिहिमाकीच्या साको कारखान्याची धाकटी पाती. टी३ आली २००३ मध्ये, टी३एक्स २०१६ मध्ये. लाइट मॉडेल स्कोपशिवाय साडेसहा पौंडांच्या आसपास भरतं, म्हणजे तीन किलोला जरा कमी. यापेक्षा हलक्या रायफली मिळतात पण किंमत दुप्पट-तिप्पट होते आणि मला मुद्दाम थोडं वजन हवंच होतं.

रायफलीचं कौतुक आधी उरकतो. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सरकवणारा दांडा. दुसऱ्या कशासाठी नाही तरी एकदा दुकानात जाऊन हा बोल्ट मागेपुढे करून बघा. हँडल ७० अंशच उचलावं लागतं त्यामुळे स्कोपला बोटं घासत नाहीत, आणि नळी आभाळाकडे करून बोल्ट सोडला तर स्वतःच्या वजनाने खाली घरंगळतो. चाप दोन ते चार पौंडांत सेट होतो, माझा अडीचवर आहे, काच तुटल्यासारखा सुटतो. कंपनी तीन गोळ्या शंभर यार्डांवर एक इंचाच्या आसपासच्या ग्रुपची (गोळ्या किती जवळ जवळ लागतात ते) हमी देते आणि माझी ती पाळते, पण नळी बारीक आहे हे लक्षात ठेवा, सलग चार-पाच झाडल्या की तापते, मग ग्रुप पसरायला लागतो. मी तीन झाडतो, बोल्ट उघडा ठेवून चहा पितो, मग पुढच्या तीन. शिकारीत चौथी लागत असेल तर अडचण नळीची नाहीच.

दस्ता प्लॅस्टिकचा आणि पोकळ, बोटाने वाजवला तर रिकाम्या डब्यासारखा वाजतो. मॅगझिनही प्लॅस्टिकचं, तीन काडतुसांचं. लाकडी दस्त्यावर जीव असणाऱ्यांना हे बघवणार नाही, मला चालतं, पावसात फुगत तर नाही.

आता मुद्द्याचं. क्रीडमूरच का.

लहान अ‍ॅक्शनच्या (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला सांगाडा) काडतुसांत मी तीन बघितली होती, ६.५ क्रीडमूर (२००७ चं, हॉर्नाडी कंपनीचं), ७ एमएम-०८ (१९८०) आणि आपली जुनी .३०८ (१९५२). शेवटच्या दोघी एकाच घरच्या, .३०८ चीच पितळी केस तोंडाशी आवळली की ७ एमएम-०८. गंमत म्हणजे टिक्कात सगळ्या काडतुसांना एकाच लांबीची अ‍ॅक्शन असते, त्यामुळे 'शॉर्ट अ‍ॅक्शन म्हणजे वजन वाचतं' हा युक्तिवाद इथे लागूच होत नाही. टिक्का घेणार असाल तर .२७० किंवा थर्टी-ऑट-सिक्स घेऊनही वजन तेवढंच. मी लहान काडतूस घेतलं ते निव्वळ दणक्यासाठी.

७ एमएम-०८ मला मनापासून आवडलं होतं, खरं सांगतो. १४० ग्रेनची गोळी, दणका क्रीडमूर आणि .३०८ च्या मधला, एल्कपर्यंत सगळं होतं. पण इथल्या दुकानांत फळीवर क्रीडमूरचे आठ-दहा प्रकार आणि ०८ चे दोन, त्यातला एक संपलेला. घरी रीलोडिंग करणाऱ्याला (म्हणजे रिकाम्या केस पुन्हा भरणाऱ्याला) फरक पडत नाही, मी करत नाही, अपार्टमेंटमध्ये दारूचे डबे कुठे ठेवू.

'क्रीडमूरने एल्क पडतो का' यावर इकडे लोक सत्यनारायणाच्या पूजेतही भांडतील. कोलोरॅडोचा नियम म्हणतो एल्कला कॅलिबर किमान .२४, गोळी किमान ८५ ग्रेन, आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा. क्रीडमूरची १४३ ग्रेनची गोळी तीनशे यार्डांवरही दीड हजाराच्या आसपास असते. स्वीडनमध्ये तर जवळपास याच ताकदीच्या जुन्या ६.५ × ५५ ने शंभरहून जास्त वर्षं मूस मारतायत, आणि मूस एल्कपेक्षा मोठा. माझी मर्यादा मी तीनशे यार्ड ठरवलीय, ती काडतुसाची नाही, माझी आहे.

मागच्या सीझनला कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांत एल्कची मादी मिळाली, रेंजफाइंडरवर (अंतर मोजायचं यंत्र) २४० यार्ड. पहाटे इतकी थंडी की दस्त्याला गाल टेकवला तर चटका बसल्यासारखं झालं. बॅकपॅकवर रायफल टेकवली, मादी आडवी उभी राहीपर्यंत दोन मिनिटं थांबलो, ती दोन मिनिटं मला अर्ध्या तासासारखी वाटली. बार झाला, आणि दणका इतका कमी की स्कोपमधून गोळी लागलेली मला दिसली, खांद्यामागे. मॅग्नमच्या वेळी बार झाला की स्कोपमध्ये फक्त आभाळ दिसायचं. चाळीसेक पावलं गेली आणि बसली. मांस जवळजवळ काही खराब झालं नाही. खिमा अजून फ्रीजरमध्ये आहे, चरबी नसते त्यामुळे तेल सढळ हाताने घालावं लागतं एवढंच.

आता नळीची लांबी, ज्यावर लोक उगाच रात्र जागवतात.

माझी २२.४ इंची आहे. त्याच काडतुसाची मित्राची नळी २० इंची, दुसऱ्या कंपनीची. दोघांच्या रायफली एकाच दुपारी क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावल्या, एकाच बॉक्समधली काडतुसं, माझी सरासरी २६४० फूट प्रतिसेकंद, त्याची २५८५. बॉक्सवर २७०० लिहिलंय पण ते २४ इंची टेस्ट नळीचं, तेव्हा बॉक्सवरचा आकडा आपला समजू नका. या जातीच्या काडतुसांत इंचामागे साधारण वीस-पंचवीस फुटांचा वेग जातो, नळी-नळीत फरक असतो ते वेगळं. आता या पंचावन्न फुटांनी बिघडतं काय? दोनशे यार्डांवर झीरो केलं (म्हणजे गोळी बरोबर नेमावर लागेल असा स्कोप जुळवला) तर तीनशेवर गोळी सात-आठ इंच खाली जाते, आणि वेग एवढा कमी झाला तर आणखी साधारण अर्धा इंच. अर्धा इंच! तेवढी तर माझी छाती श्वासाने हलते.

बरं, छोटी नळी घेऊन वजन तरी किती वाचतं? बारीक स्पोर्टर नळीचा एक इंच म्हणजे औंस-सव्वा औंस. चार इंच कमी केले तरी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाण्याचे चार घोट. त्यापेक्षा स्कोप बघा ना, लोक हलकी रायफल घेऊन तिच्या डोक्यावर सातशे ग्रॅमचा जाडजूड स्कोप बसवतात, साडेतीनशे ग्रॅमचा ३-९ (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा) लावला तर तीनशे यार्डांपर्यंत काही अडत नाही.

मग छोटी नळी कशाला? तर सायलेन्सरसाठी, आणि झाडीसाठी. सायलेन्सर सहा-आठ इंच वाढवतो, माझ्या नळीवर लावला तर पुढचं टोक तीस इंचांवर जातं आणि अ‍ॅस्पेनच्या दाटीत दर दोन पावलांना फांदीत अडकतं. रायफल पाठीवर बांधली असेल तर वाकल्यावर नळी डोक्यावरून पुढे येऊन ठक्कन आपटते, हे माझं रोजचं. म्हणून सायलेन्सर नक्की घेणार असाल तर १८ किंवा २० इंची, आट्यांच्या तोंडाची नळी सुरुवातीलाच घ्या, नंतर कापून आटे पाडायचा खर्च वाचतो. सायलेन्सर नाही तर २२ च बरी, छोट्या नळीचा आवाज आणि भडका तोंडाजवळ येतो आणि तो सहन होत नाही. कायद्याने नळी किमान १६ इंच लागतेच. आणि १६-१८ इंचांवर जायचंच असेल तर क्रीडमूरपेक्षा .३०८ घ्या असं माझं मत. तिचं भोक मोठं आणि दारू तेवढीच, त्यामुळे छोट्या नळीत ती कमी वेग गमावते. मॅग्नम मात्र २४ च्या खाली नकोच, अर्धी दारू बाहेर जळते, खर्च तुमचा आणि फटाके शेजारच्यांना.

तांब्याच्या गोळ्या वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं बंदच आहे. तांबं उमलायला (जनावराला लागल्यावर गोळीचं टोक पसरायला) जास्त वेग मागतं, आणि त्या गोळ्या वजनाला हलक्या घ्याव्या लागतात, १२०-१२७ ग्रेनच्या. तिथे मी छोट्या नळीचा मोह टाळला असता किंवा पल्ला कमी केला असता. प्रत्येक गोळी कोणत्या वेगाच्या वर उमलते ते बनवणारे देतात, १८०० ते २००० फुटांच्या आसपास असतं, ते बघून आपला पल्ला ठरवा.

माझ्या रेंजवर एक सत्तरीचे आजोबा येतात, थर्टी-ऑट-सिक्स, २२ इंची, दस्त्यावरचं पॉलिश पूर्ण गेलेलं. मी त्यांना हे सगळे आकडे ऐकवले तर म्हणाले, माझ्या हरणाने कधी नळी मोजली नाही. मग सलग पाच बार, बसून, पाचही गोळ्या तळहाताखाली झाकतील अशा. पण ते पन्नास वर्षं तोच दणका खातायत, आपण ऑफिसातली माणसं, वर्षाला शंभर गोळ्या झाडल्या तरी खूप.

कोणी विचारलं तर आज मी हेच पुन्हा घेईन, फक्त २० इंची आणि सायलेन्सर बसेल अशी, आट्यांच्या तोंडाची. टॅक्स धरून आठशे डॉलरच्या आसपास गेले होते, त्यावर स्कोप वेगळा. घेतल्यावर दस्त्याचा मागचा रबर पॅड आपल्या मापाचा आहे का बघा, इकडच्या सहा फुटी माणसांच्या हिशेबाने दस्ता लांब असतो, मला जाड जॅकेट घातल्यावर डोळा स्कोपला नीट लागत नव्हता. तो प्रश्न मी दुकानात, एसीत, टी-शर्टवर रायफल खांद्याला लावून बघितल्यामुळे आला. जाताना थंडीचं जॅकेट बरोबर न्या, दुकानदार हसला तर हसू दे. आणि मॅगझिन एक जादा घ्या, माझं पहिलं अजून फ्लॅट टॉप्समधल्या कुठल्यातरी ओढ्यात पडलंय.