रॉकबॉक्ससाठी क्लिप प्लस घ्यावा की जुना आयपॉड?

जळगाव-धुळे बसमध्ये अहिराणी गाणी ऐकायला मोबाईलची बॅटरी कशाला खर्चायची? जुना प्लेअर घ्या, त्यात रॉकबॉक्स (म्युझिक प्लेअरवर बसवायचं मोफत सॉफ्टवेअर) टाका. प्रश्न इतकाच, सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस की पाचव्या पिढीचा आयपॉड?

दोन्हीत मूळ फर्मवेअर, म्हणजे कंपनीचं आतलं सॉफ्टवेअर, शाबूत राहतं, म्हणून भीती नको. क्लिपवर चालू करताना डावं बटण दाबून धरलं की जुनं फर्मवेअर उघडतं. आयपॉडवर चालू केल्या केल्या होल्डची कळ सरकवायची.

गडबड होते ती बसवताना. क्लिपच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड एमएससी हवा, म्हणजे तो कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखा दिसतो. एमटीपी या दुसऱ्या मोडवर राहिला तर रॉकबॉक्स युटिलिटीला (रॉकबॉक्स बसवून देणाऱ्या प्रोग्रामला) तो ड्राइव्ह म्हणून दिसतच नाही, आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. ६४ जीबीचं मेमरी कार्ड एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतं, ते आधी फॅट३२ फॉरमॅटमध्ये करा, मगच त्यातली गाणी दिसतील. आयपॉडचं दुखणं वेगळं: आधीच्या मालकानं तो मॅकवर फॉरमॅट केला असेल तर त्यावर रॉकबॉक्स चालत नाही, तो विंडोजच्या आयट्यून्सवर रिस्टोअर करून घ्या. अडकला तर मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून ठेवा. क्लिप अडकला तर पॉवरचं बटण दाबून धरा.

आयपॉडचा स्क्रीन मोठा, चक्र फिरवायला मजा येते, हे खरं. पण आत फिरणारी हार्ड डिस्क आहे, आणि आपल्याकडचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेतच. शिवाय एफएम नाही. क्लिपमध्ये एफएम रेडिओ आहे. भाऊ, मी तरी क्लिपच घेईन, फक्त बॅटरी तपासून.