वीस लिटरचा तांब्याचा बंब : एक पावसाळा आणि एक थंडी वापरल्यानंतर

आषाढात आठ-दहा दिवस सलग ऊन पडले नाही की कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरावरच्या सोलरचे पाणी कोमटसुद्धा होत नाही, म्हणून गेल्या जूनमध्ये महाद्वार रोडलगतच्या एका जुन्या भांड्यांच्या दुकानातून हा लाकडावर अंघोळीचे पाणी तापवायचा बंब घेतला.

बनावटीला नाव ठेवायला जागा नाही. ज्यात जाळ करतात त्या मधल्या नळकांड्याचा पत्रा जाड आहे, सांधे जोडणारा डाख स्वच्छ दिला आहे आणि तोटी तळापासून चार बोटे वर बसवली आहे. तोटी अगदी तळाशी असली, तर जाळ चालू असतानाच सगळे पाणी काढले जाते. तांबे वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागत असले, तरी डाख त्याच्या कितीतरी आधी पातळ होतो आणि कोरडा तापलेला बंब गळायला लागतो. पाणी भरायच्या तोंडावरचे झाकण सैल आहे आणि ते तसेच राहू द्यावे, कारण घट्ट बूच बसवले तर वाफ कोंडते.

तक्रार आहे ती दुकानातल्या सल्ल्याची. "थंडीत न्हाणीत ठेवा, धूर वर निघून जातो," असे मालकांनी सहज सांगितले. धूर जातो, हे खरे. पण जाळ बसल्यावर जाळीवर उरलेले निखारे धूर न करता कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, त्यामुळे दार-खिडकी लावून अंघोळ करणाऱ्याला डोके जड झाल्याचे उमगेपर्यंत कडी काढण्याचे बळही उरलेले नसते. आईने पहिल्याच दिवशी बंब परड्यात पत्र्याच्या छपराखाली हलवायला लावला. तेथून बादली उचलून आणावी लागते, एवढाच काय तो त्रास.

वाळके लाकूड असेल तर पाऊण किलोत वीस लिटर पाणी कढत होते. करवंट्या आणि मक्याची बुरकुंडे पेटवणीला उत्तम. वखारीतले ओलसर लाकूड मात्र नुसते धुमसते आणि धुराड्यात चिकट काजळी धरते. ती मी दर पंधरवड्याला काढतो. तापाची बरीचशी शक्ती आधी लाकडातले पाणी उडवण्यातच जाते, त्यामुळे पावसाळ्याची लाकडे उन्हाळ्यातच फोडून रचून ठेवलेली बरी.

राखेसाठी खाली थाळी दिलेली नाही, ही मोठी उणीव. आदल्या सकाळची राख विझली असे समजून मी ती संध्याकाळी प्लास्टिकच्या बादलीत भरली आणि बादलीचा तळ गेला. आता झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवला आहे.

किंमत वजनावर ठरते आणि घरातल्या जुन्या तांब्याची मोड वळती करून घेतात, वजनही समोर करतात. आमचा फुटका हंडा त्यात गेला.