स्टार, खुर्ची की गुलाबी मनोरा?

मूल बालवाडीत घालताना आपण फी विचारतो, रिक्षाकाका कोण ते विचारतो, डब्यात पोळीभाजीच हवी का हेसुद्धा विचारतो. लेकीसाठी तीन बालवाड्या पाहिल्या तेव्हा मी आणखी एक विचारलं: खेळणं ओढून घेताना एक मूल दुसऱ्याच्या दंडाला चावलं, तर बाई काय करतात?

पहिल्या ठिकाणी उत्तर होतं स्टार. दिवसभर कुणाला चावला नाही, तर घरी जाताना हातावर स्टार. यानं वर्ग पटकन शांत होतो, हे खरं. पण 1973 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं. पुढं बक्षीस नसताना ही मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांत रमली. चपला रांगेत लावण्यासारख्या कंटाळवाण्या कामाला स्टार चालेल. मूल जे आपणहून करतं, त्याला मात्र नको.

दुसरीकडे खुर्ची. ज्यानं चावलं त्यानं तिच्यावर बाजूला एकटं बसायचं. वयाच्या दर वर्षाला एक मिनिट, म्हणजे तिसऱ्या वर्षी तीन मिनिटं. न ओरडता, घड्याळ लावून केलं आणि उठल्यावर विषय संपवला, तर चापटीपेक्षा आणि ‘बागुलबुवाला देईन’पेक्षा हे कितीतरी बरं. पण चाळीस मुलांत एक बाई आणि एक मावशी असल्या की तिनाची दहा मिनिटं कधी होतात कळत नाही. मुलंच तिला ‘वाईट मुलांची खुर्ची’ म्हणू लागली, की ती अंगठे धरून उभं करण्याची धाकटी बहीणच.

तिसरी मॉन्टेसरी. इथं प्रत्येक साधन एकेकच. गुलाबी मनोरा, म्हणजे एकावर एक रचायचे लहानमोठे लाकडी ठोकळे, एकानं घेतला की दुसऱ्यानं थांबायचं. बाईंना ओरडावं लागत नाही, मांडणीच थांबायला लावते. पाणी सांडलं की सांडणाराच फडकं आणतो. चावण्याचं विचारलं, तर ताई म्हणाल्या, “आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जातो. मग दुसऱ्याला सांगतो, चावायचं नाही, हवं असेल तर माग. हेच रोज, महिनाभर.” महिनाभर! एवढा धीर प्रशिक्षणाशिवाय येत नाही, आणि नुसती पाटी लावून तर नाहीच. हे महागच असतं असंही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 पासून बोर्डी गावात आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर बालवाडी चालवून दाखवली.

मी तिसरी निवडली. तुमच्याजवळच्या मॉन्टेसरीत पस्तीस मुलं आणि नवख्या बाई असतील, तर नीट चालवलेली खुर्ची बरी. मारत नाहीत ना, हे मात्र स्पष्ट विचारा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, पण तो कायदा मुख्यतः 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे.

आणि बघायला सकाळी जाऊ नका. सुटण्याआधीच्या अर्ध्या तासात जा. तेव्हा मुलं भुकेलेली असतात आणि बाई दमलेल्या.