कँब्रियन कंटकचर्मींच्या साच्यांसाठी द्रव लॅटेक्स: कोणतं घ्यावं, कसं वापरावं

कँब्रियन काळातले, म्हणजे सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे, कंटकचर्मी (तारामाशाच्या गटातले प्राणी) पुष्कळदा खडकातल्या पोकळीच्या रूपातच सापडतात. त्यांच्या तबकड्या कॅल्साइटच्या. पाणी झिरपून त्या विरघळल्या की दगडात नुसता साचा उरतो. चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमियात यिन्त्सेच्या आसपास मिळणारा पंचकोनी स्ट्रोमॅटोसिस्टाइटीज घ्या किंवा स्पेनच्या मुरेरो भागातले सिंक्टन हे चपटे, असममित कंटकचर्मी घ्या, हाती येतो तो बहुतेकदा उलटा ठसा. सुलटी प्रत काढायला प्रीव्हल्कनाइज्ड (म्हणजे आधीच गंधकाने प्रक्रिया केलेल्या, वाळताच रबर होणाऱ्या) नैसर्गिक लॅटेक्सइतकं चांगलं दुसरं काही नाही. मात्र बाजारात मिळणारं सगळंच लॅटेक्स या कामाचं नसतं.

घ्यायचं ते पातळ, दुधासारखं, सुमारे 60 टक्के घन भाग असलेलं, फिलर किंवा घट्टकारक न घातलेलं. मुखवटे आणि बागेतल्या मूर्ती करण्यासाठी विकलं जाणारं घट्ट लॅटेक्स ब्रशवर छान बसतं आणि दोन थरांत काम उरकतं, म्हणून मोह होतो. पण तबकड्यांमधल्या सांध्यांत ते उतरत नाही. कंटकचर्मींचा सांगाडा स्टीरिओमचा, म्हणजे जाळीदार कॅल्साइटचा असतो आणि त्या जाळीची छिद्रं दहा-वीस मायक्रोमीटरच्या घरातली. गाळ अगदी बारीक असेल तर पातळ लॅटेक्स या जाळीचा पोतसुद्धा उचलतं. घट्ट लॅटेक्समधून मिळते ती गुळगुळीत बाहुली.

लॅटेक्सला दोष दिला जातो अशा तक्रारींपैकी बऱ्याच साच्याच्या धुलाईतून येतात. तबकड्या अर्धवट विरघळलेल्या असतील तर उरलेलं कॅल्साइट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढतात. हे फक्त वालुकाश्म, पंकाश्म अशा दगडांत करायचं. चुनखडीत आम्ल साचाही खाऊन टाकेल. आम्लानंतर दगडाच्या रंध्रांत कॅल्शियम क्लोराइड राहतं, आणि कॅल्शियमचे क्षार लॅटेक्सला गोठवतात. रबरी हातमोज्यांच्या कारखान्यांत याच गुणाचा मुद्दाम उपयोग करतात. इथे मात्र पहिला थर लागताच तळाशी दह्यासारख्या गुठळ्या होतात आणि बारीक खोबणी बुजते. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यात दगड बुडवून ठेवायचा आणि लिटमस आम्ल दाखवेनासा झाल्यावरही आणखी दोनतीनदा पाणी बदलायचं. ठिसूळ दगडाला पॅरालॉइड बी-72 या घट्ट करणाऱ्या ॲक्रिलिक रेझिनचा ॲसिटोनमधला अगदी पातळ हात द्यावा. जाड हात दिला तर तोच बारकावे झाकतो.

लॅटेक्समध्ये कार्बनची पाण्यात मिसळणारी काळी शाई थेंबाथेंबाने घालावी. आधी थोड्याशा लॅटेक्सवर करून बघावं, कारण काही शाया आम्लधर्मी असतात. शाईचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. ओला थर राखाडी दिसतो आणि वाळला की काळा होतो, त्यामुळे खोल कोपऱ्यात एखादा राखाडी ठिपका उरला असेल तर पुढचा थर द्यायचा नाही हे नजरेला कळतं. पहिल्या थरासाठी लॅटेक्स थोडं पातळ करावं, साचा किंचित ओला ठेवावा आणि थर दिल्यावर बारीक नळीने फुंकर मारून बुडबुडे फोडावेत. पातळ पाच-सहा थर पुरतात. मोठ्या प्रतीला चौथ्या थरात जाळीदार कापड द्यावं, म्हणजे ओढताना ती ताणून वाकडी होत नाही. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवला नाही तर तो पहिल्याच वापरात जातो.

बुडबुड्यांबद्दल इतकं सांगायचं कारण गोजियासारखे कँब्रियन कंटकचर्मी. त्याच्या कवचावर एपिस्पायर नावाची श्वसनाची मानली जाणारी छिद्रं असतात. साच्याच्या पृष्ठभागावर अडकलेला बुडबुडाही प्रतीवर खळगाच सोडतो, अगदी छिद्रासारखा. फरक जागेवरून ओळखता येतो: एपिस्पायर तबकड्यांच्या सांध्यावर असतं, अर्धं या तबकडीत आणि अर्धं त्या तबकडीत. बुडबुडा कुठेही बसतो. दुसरी प्रत काढून ताडून बघणं हा सरळ उपाय, पण त्यातही मेख आहे. साच्यात प्रत्येक छिद्राच्या जागी दगडाचा इवलासा खांब असतो, आणि प्रत ओढताना तो मोडू शकतो. मग दुसऱ्या प्रतीत खरं छिद्रही नाहीसं झालेलं दिसतं. म्हणून पहिल्या प्रतीच्या पृष्ठभागात दगडाचे कण रुतलेत का, हे भिंगाखाली पाहूनच निष्कर्ष काढावा. पहिली प्रत धूळ घेऊन येते, दुसरी सहसा सर्वांत स्वच्छ निघते, तरी पहिली फेकू नये.

सोडवताना लॅटेक्सचा खरा गुण दिसतो. ते कित्येक पट ताणलं जातं आणि परत मूळ आकारात येतं, त्यामुळे आत वळलेल्या कडांमधूनही सुटतं. कडेने सुरुवात करून, ब्रॅकिओलच्या, म्हणजे बारीक अन्नग्राही बाहूंच्या लांबीच्या दिशेने सावकाश ओढावं. आडवं ओढलं तर ते तुटून साच्यातच राहतात. सिलिकोन कमी आकुंचतं, जास्त टिकतं, पण अशा अरुंद फटींत ते लवकर फाटतं. लॅटेक्स वाळताना काही टक्के आकुंचतं, म्हणून मापं मूळ साच्यावरच घ्यावीत.

प्रत तयार झाली की काचेच्या नळीत अमोनियम क्लोराइड तापवून त्याच्या वाफेचा पांढरा, पातळ लेप द्यायचा आणि वरच्या डाव्या बाजूने तिरपा प्रकाश ठेवून फोटो काढायचा. स्ट्रोमॅटोसिस्टाइटीजच्या चांगल्या प्रतीवर मग पाच अन्नखोबण्यांची 2-1-2 रचना स्पष्ट दिसते: तोंडापासून तीनच निघतात आणि बाजूच्या दोन पुढे दुभागतात. कंटकचर्मींची पंचमिती (पाच भागांची सममिती) तीन भागांच्या रचनेतून आली या मांडणीचा आधार अशा खोबण्यांच्या फाट्यांत आहे. तो फाटा दोनतीन मिलिमीटरच्या जागेत असतो, आणि तिथे एक गुठळी बसली तर पुरावाच गेला. हवा दमट असेल तर लेप पाणी ओढून ओघळतो, तेव्हा फोटो लगेच काढून प्रत धुवावी.

लॅटेक्स पृष्ठभागच देतं, ही त्याची मर्यादा. टेनोइम्ब्रिकाटा या द्विपार्श्व सममितीच्या प्राण्याचं 2012 मधलं वर्णन क्ष-किरण मायक्रोटोमोग्राफीवर आधारलेलं होतं. स्टायलोफोर या लुप्त कंटकचर्मींचं शेपटीसारखं उपांग म्हणजे खरी शेपटी की अन्न गोळा करणारा बाहू, हा जुना वादही नुसत्या प्रतींनी सुटला नाही. मोरोक्कोच्या फेझुआटातल्या मृदू अवयव टिकलेल्या नमुन्यांवर 2019 मध्ये झालेल्या अभ्यासाने तो बाहूच्या बाजूने झुकवला. साचा खोल आणि बंद असेल तर लॅटेक्सवर वेळ घालवू नये.

टिकाऊपणात हा पदार्थ खरोखर कमी पडतो. उजेड, ओझोन, तांबं आणि मँगनीज यांनी रबर आधी चिकट होतं, मग तडकतं. गंजकट साच्यांवर मँगनीजचा काळा थर असू शकतो, तेव्हा प्रत काढल्याबरोबर धुवायची, टाल्क लावायची, अंधारात ठेवायची आणि पितळी टाचणी टोचायची नाही. कायमची नोंद हवी असेल तर प्रतीवरून साचा घेऊन रेझिनमध्ये ओतावं, आणि त्या साच्यासाठी टिन-क्युअर (कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं) सिलिकोनच वापरावं. प्लॅटिनम-क्युअर सिलिकोन लॅटेक्सला लागून जमतच नाही, चिकट राहतं. द्रव लॅटेक्सचा डबा थंडीत गोठू देऊ नये. एकदा गोठून गुठळी झालं की ते परत पातळ होत नाही. अमोनियाच्या वासासाठी खिडकी उघडी हवी, आणि लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी वाळलेल्या प्रतीसुद्धा नायट्राइल मोजे घालूनच हाताळाव्यात.