सोसायटीचा सुका कचरा: रद्दीवाला, कचरावेचक ताई की संस्थेची गाडी?

सुक्या कचऱ्याचं काहीतरी नीट करू या, असं इमारतीतल्या चार घरांनी मनावर घेतलं की पहिल्याच मीटिंगला प्रश्न निघतो: द्यायचा कुणाला? पुण्यात याला मुख्यतः तीन उत्तरं आहेत. कोथरूडच्या आमच्या २४ फ्लॅटच्या इमारतीत तिन्ही करून झाली, म्हणून लिहितेय.

सगळ्यांत सोपा रद्दीवाला. फोन केला की काटा घेऊन हजर, वर्तमानपत्रं, पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचे डबे तोलून रोख पैसे देतो. ते सोसायटीच्या खात्यात जमा झाले की गणपतीत उपयोगी पडतात, आणि हिशोब दिसला की नाराज मंडळीही सामील होतात. पण तो निवडून नेतो. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, थर्माकोल, तेल लागलेला पिझ्झाचा खोका मागेच राहतो. शिवाय महिनाभर माल साठवायला कोरडी जागा हवी. आम्ही जिन्याखाली फरशीवरच पोती ठेवली होती. जुलैत खालून ओल आली, अर्ध्या रद्दीचा लगदा झाला आणि मागोमाग उंदीर आले. साठवणार असाल तर आधी फळी मारून घ्या.

दुसरी वाट दारावर येणाऱ्या कचरावेचकाची. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली, आणि तिचे सभासद महापालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरचा कचरा उचलतात. त्यांची कमाई दोन ठिकाणची: घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्यातलं विकून येणारे पैसे. ही दुसरी गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. आम्ही रद्दीवाल्याला माल द्यायला लागल्यावर दोन महिन्यांनी आमच्या ताईंनी पोतं माझ्यासमोर उघडलं. आत नुसती पाकिटं. ‘चांगला माल तुम्ही विकता, मग मला काय राहिलं?’ मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. तुमच्याकडे अशा ताई किंवा दादा येत असतील तर सुका कचरा त्यांचाच. गणपतीची वर्गणी वेगळी काढता येते. सोसायटीने करायचं ते एवढंच, की माल त्यांच्या हातात स्वच्छ पडावा. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून टाकू नका, नुसती चीर द्या. तो नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही आणि शेवटी गटारात जातो. पिशवी विसळून चिमट्याने दोरीवर लावा. रोज घरटी दोन धरल्या तर २४ घरांच्या महिन्याला १४४० पिशव्या होतात. ओल्यात मिसळल्या तर घाण, धुतल्या तर माल. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे ते पुडकं उघडून बघण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही.

संस्थांच्या संकलन मोहिमा ही तिसरी वाट, पण ती रोजची नव्हे. ई-कचरा, जुने कपडे, गाद्या अशा वस्तूंसाठी ती उत्तम. काय घेतात ते आधी विचारा, कारण प्रत्येकीची यादी वेगळी. आमच्याकडे एकजण तारीख कळवतो, दुसरा आपल्या गाडीतून नेतो.

मोठ्या संकुलांचं गणित निराळं. ५००० चौरस मीटरवरच्या गृहसंकुलांना वर्गीकरण करून सुका माल अधिकृत कचरावेचकांना किंवा पुनर्वापर करणाऱ्यांना देणं २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केलं. तिथे रोजचा माल एका माणसाच्या आवाक्याबाहेरचा, त्यामुळे करार लागतोच. करार करताना माल पुढे कुठे जातो हे लेखी घ्या, दर महिन्याच्या वजनाच्या पावत्या मागा, आणि आधीपासून काम करणाऱ्या कचरावेचकांना त्याच कामात घेण्याची अट घाला. ठेकेदार नव्याने माणसं आणतो तेव्हा पहिला रोजगार त्यांचाच जातो.

आमच्याकडे आता पाकिटांचंही वेगळं पोतं आहे, फळीवर. ते भरलं की ताईच सांगतात.