काळी छत्री करडी का येते : एक कॅमेरा आणि तीन पुस्तकांबरोबरचे आठ महिने

धाकट्या भावाने नवा मिररलेस कॅमेरा घेतला आणि त्याचा जुना डीएसएलआर माझ्याकडे आला. सोबत १८-५५ची लेन्स, दोन बॅटऱ्या आणि दोन पुस्तकं. एक कंपनीचं मॅन्युअल, दुसरं याच मॉडेलवरचं जाडजूड गाइड. ते त्याने हौसेने घेतलं होतं, पण पहिल्या वीसेक पानांनंतर पुस्तकाचा कणा मोडलेला दिसत नव्हता. तिसरं मी कपाटातून काढलं. बाबांचं, फिल्मच्या जमान्यातलं, मुखपृष्ठ कधीच गळून गेलेलं.

आठ महिने तिन्ही वापरली. कॅमेऱ्यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी पुस्तकांबद्दल लिहितेय. ऑटोवर वर्षं काढलेल्या माझ्यासारखीला खरी अडचण तीच असते, की यातलं नेमकं वाचायचं काय. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: ज्या पुस्तकात डिजिटल हा शब्दसुद्धा नाही त्याने सगळ्यांत जास्त शिकवलं. बाकीची दोन मात्र फेकू नका, कारण खाली येईलच.

मॅन्युअल कुणी वाचत नाही, मीही वाचलं नाही. त्याची शिक्षा म्हणजे पहिले तीन आठवडे व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, सगळं धुरकट दिसायचं. मला वाटलं लेन्स गेली. मग वाटलं डोळे गेले, चष्म्याचा नंबरही तपासून आले. शेवटी एका संध्याकाळी मॅन्युअल चाळताना दिसलं, की व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक दातेरी चाक असतं. डायॉप्टरचं, म्हणजे ती खिडकी आपल्या नजरेच्या नंबराला जुळवायचं. ते भावाच्या डोळ्यांसाठी लावलेलं होतं. चार दात फिरवले आणि आतले आकडे लख्ख! भावाला सांगितलं तर म्हणाला, "ताई, असं चाक असतं? मला वाटलं ते नुसतं डिझाइन आहे." मग त्याच्या डोळ्यांना ते कसं जुळलं होतं, देव जाणे.

तर मॅन्युअल हे वाचायचं नसतं, शोधायचं असतं. कुठलं बटण काय करतं, कार्ड फॉरमॅट कुठून करायचं, बॅटरीचं चिन्ह लुकलुकलं तर काय. पीडीएफ मोबाइलवर ठेवा आणि शब्द टाकून शोधा, छापील अनुक्रमणिकेपेक्षा बरं पडतं. पण ते बटण कधी दाबावं हे त्यात एका ओळीनेही येत नाही.

ते सांगण्यासाठी मॉडेलचं गाइड. भाषा सोपी, चित्रं रंगीत, प्रत्येक प्रकरणाशेवटी 'या सेटिंग्ज लावा' अशी चौकट. मला आधी ही चौकट फार आवडली. पाहुणे आले, धावणारी मुलं आहेत, पान उघड, आकडे लाव. लागायचेही. पण चौकटीबाहेरचं काही समोर आलं की मी जिथल्या तिथेच. शिवाय त्यातले निम्मे नमुने माझ्याकडे नसलेल्या लेन्सने काढलेले. पोर्ट्रेटला एफ/२.८ लावा म्हणे. माझी लेन्स पूर्ण झूम करून ५५वर नेली की एफ/५.६च्या खाली उतरतच नाही. मी एफ/४ लावायची, झूम करायची आणि आकडा आपोआप ५.६ व्हायचा. दोन दिवस मी कॅमेरा बिघडलाय असं धरून चालले होते. लेन्सच्या कडेवर १:३.५-५.६ असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ हाच, हे या गाइडने कुठेच सांगितलं नाही.

अर्थ सांगितला बाबांच्या पुस्तकाने. एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या फोकल लांबीला (१८-५५ हे आकडे तेच, मिलिमीटरमध्ये) प्रकाश आत येण्याच्या भोकाच्या, म्हणजे अॅपर्चरच्या, व्यासाने भागलं की जे येतं ते. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२वर असेल तर भोक २५ मिलिमीटरचं, एफ/४वर साडेबाराचं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणजे प्रकाशही पाव. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही विचित्र माळ मी आधी पाठ करत होते. दर पायरीला साधारण १.४ने गुणायचं आणि प्रकाश निम्मा धरायचा, एवढं कळल्यावर पाठांतर संपलं. मोठा आकडा म्हणजे लहान भोक, ही उलटी गोष्टही मग उलटी वाटेना.

त्यात आणखी एक नियम होता: भर उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर फिल्मच्या स्पीडएवढा. स्पीड १००, तर शटर सेकंदाचा शंभरावा भाग, जवळचा आकडा १/१२५. आता कॅमेरा हे स्वतः मोजतो, मग हे कशाला? मलाही तसंच वाटलं. मग भाचीचं नाटक झालं. स्टेजवर उजेड कमी म्हणून गाइडच्या चौकटीप्रमाणे आयएसओ (फिल्मच्या स्पीडचाच डिजिटल अवतार) ६४०० लावला आणि बऱ्यापैकी फोटो आले. दुसऱ्या दिवशी टेकडीवर कडक उन्हात चाळीस फोटो काढले, सगळे पांढरेफटक. आयएसओ काल होता तिथेच होता. घरी येऊन जुन्या नियमाने हिशेब मांडला: ६४००ला एफ/१६वर १/६४०० लागेल, एफ/८वर त्याच्या चौपट वेग, म्हणजे १/२५६००. माझा कॅमेरा १/४०००वर थांबतो. व्ह्यूफाइंडरमध्ये आकडा लुकलुकत होता तो हेच ओरडून सांगत होता. कॅमेरा कुठे हतबल होतो ते असं कागदावर दिसल्यापासून आयएसओची चूक पुन्हा झाली नाही. (एकदा झाली. पण दोन फोटोंत लक्षात आली.)

आता छत्री. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे ते अधिक-उणे चिन्हाचं बटण, कॅमेऱ्याने ठरवल्यापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायचं. दोन पुस्तकांचं इथे भांडण लागलं. मॉडेलच्या गाइडात पान १४२वर छापलंय: चौकट पांढऱ्याने भरलेली असेल तर उणे करा, काळ्याने भरलेली असेल तर अधिक. ऐकायला पटतंही, पांढरं जास्त उजळ म्हणून कमी करायचं. बाबांच्या पुस्तकात नेमकं उलटं. मी पंचा घेतला, पांढरा. दोरीवर सावलीत टांगला, अॅपर्चर प्रायॉरिटीवर (एफचा आकडा मी ठरवायचा, शटर कॅमेऱ्याने), एफ/८, आयएसओ ४००, चौकट पूर्ण पंच्याने भरली आणि काढला फोटो. पंचा करडा, धुतलाच नसल्यासारखा. मग शेजारी काळी छत्री उघडून तसाच फोटो. छत्रीही करडी, जुनाट, विटलेली. दोन्ही फोटो शेजारी लावले तर कुठला पंचा आणि कुठली छत्री ते फक्त छत्रीच्या काड्यांवरून कळत होतं.

कारण असं, की समोर काय आहे हे मीटरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या यंत्रणेला, माहीत नसतं. तो साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारा मधला करडा रंग गृहीत धरतो आणि जे दिसेल ते तिथे आणून बसवतो. पांढरं दिसलं की प्रकाश कापतो, काळं दिसलं की वाढवतो. म्हणून पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. पंचा अधिक दीडवर पांढरा झाला, छत्री उणे दीडवर काळी. गाइड चुकलं होतं. लेखकाला समजत नसेल असं वाटत नाही, पुढच्या प्रकरणात त्याने बरोबर लिहिलंय. छापताना उलटलं असावं. पण नवशिका माणूस पंचा टांगून बघत नाही, आकडे लावतो आणि फोटो वाईट आले की स्वतःला दोष देतो. त्या पानाचा मला अजून राग आहे.

जुनं पुस्तक सगळीकडे चालतं असंही नाही. हात हलू नये म्हणून शटर निदान लेन्सच्या फोकल लांबीएवढं ठेवा, ५० मिलिमीटरला १/५०, असा त्याचा नियम. तो ३५ मिलिमीटरच्या फिल्मसाठी होता. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, दीडचा क्रॉप, म्हणजे लांबी दीडपट धरायची, तेव्हा ५५ला १/८०च्या आसपास धरावं लागतं. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख), व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणं) याबद्दल अर्थातच अवाक्षर नाही. हिस्टोग्राम मी मॉडेलच्या गाइडातून शिकले आणि ते प्रकरण उत्तम आहे. उन्हात मागच्या स्क्रीनवर काहीही खरं दिसत नाही, आलेख उजव्या भिंतीला चिकटला तर मात्र उजळ भाग गेलेच, हे तिथेच समजलं.

त्याच गाइडच्या नादी लागून फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर नेला. मला ते झकास जमलं. मग कॅमेरा नवऱ्याच्या हातात दिला, "माझा एक काढा ना." तो बिचारा बटण अर्धं दाबून वाट बघतोय, मग पूर्ण दाबतोय. त्या सहलीत माझे अकरा फोटो आहेत आणि अकराच्या अकरांत मागचं झाड तेवढं स्पष्ट आहे. आता दुसऱ्याच्या हातात देताना मी आधी ऑटोवर टाकते. लाज वाटत नाही.

वाचायची पद्धत शेवटी अशी बसली: जुन्या पुस्तकातलं एक प्रकरण, कॅमेरा मांडीवर घेऊन, आठवडाभर तेवढंच. बाबा प्रत्येक फोटोचे आकडे समासात पेन्सिलीने लिहून ठेवत, मला ते फाइलमध्ये आयते मिळतात. तरी दहाएक फोटो मी वहीत लिहितेच, कारण आकडे बघणं आणि लिहिणं यात फरक पडतो. फ्लॅशचं प्रकरण तीनदा सुरू केलं आणि तीनदा सोडलं, त्यावर मत देत नाही.

मॉडेलचं गाइड आता नणंदेच्या मुलाला हवंय, त्याच्याकडे हाच कॅमेरा आहे. देणार आहे. पान १४२वर पेन्सिलीने अधिकचं उणे आणि उण्याचं अधिक करून ठेवलंय, आणि खाली लिहिलंय, पंचा टांगून बघ.